आठ तासांचा रस्ता आणि चार वर्षांचं मूल

समृद्धी महामार्गाची सगळी जाहिरात एका ओळीत मावते: नागपूर ते मुंबई, आठ तास. ७०१ किलोमीटरचा सहा पदरी रस्ता, मोटारींना सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा, वाटेत ना सिग्नल, ना चौक, ना म्हशींचा कळप. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. तेव्हापासून विदर्भातल्या घरांमध्ये सुट्ट्या जवळ आल्या की एक बेत हमखास निघतो. पोरांना घेऊन आपल्याच गाडीने खोपोलीला जाऊ, इमॅजिका हे थीम पार्क दाखवू. पहाटे निघालो तर दुपारी तिथे, थोडं फिरून घेऊ, दुसऱ्या दिवशी परत. कागदावर हा बेत बसतो. आठ तासांचा हिशोब मांडणाऱ्याच्या गाडीत चार वर्षांचं मूल नव्हतं, एवढीच त्यात अडचण आहे.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून. उरलेल्या वेळातून जेवण, आंघोळ, रुसवे आणि ‘मला तोच कप हवा’ यांचे तास वजा करा. हाताशी राहतात ते पाच-सहा बरे तास. बरे म्हणजे ज्यात मूल हसतं, चालतं, प्रश्न विचारतं आणि निदान दुसऱ्यांदा सांगितलेलं ऐकतं. हे तास उद्यासाठी राखून ठेवता येत नाहीत. गाडीतली तापलेली दुपार, हॉटेलच्या काउंटरवरची अर्ध्या तासाची वाट, तिकिटाची रांग, हे सगळं त्यातूनच जातं. सहल ठरवताना आपण पैसे मोजतो, रजा मोजतो, किलोमीटर मोजतो. खरी टंचाई या तासांची असते, आणि ते कुठे खर्चायचे एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

थीम पार्क आणि मोटार यांची सोयरीक जुनी आहे. वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँडची जागा शोधायचं काम स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइस या अर्थतज्ज्ञाकडे दिलं होतं. लोकवस्ती कुठल्या बाजूला सरकते आहे, हवा कुठली बरी, नवे रस्ते कुठून जाणार, हे पाहून प्राइसने लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांवर बोट ठेवलं. शेजारून सांता आना फ्रीवे जात होता. बागा तोडून पार्क उभं राहिलं (नागपूरकराने यावर काय वाटून घ्यायचं ते घ्यावं) आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. त्या दिवशी ऊन असं होतं की ताज्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतत होत्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडत नव्हते. लहान मुलांना घेऊन गाडीने पार्कला गेलेल्या पालकांची पहिली फजिती म्हणून ती तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मुंबईकर मार्वेच्या धक्क्यावरून होडीने तिथे जात. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी इमॅजिका उभारलं ते मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या आधाराने, खोपोली-पाली रस्त्यावर. दोन्ही महानगरांतून सकाळी निघून रात्री घरी परतता यावं, असं ते ठिकाण. म्हणजे या पार्कचा दिवस मुंबई-पुण्याच्या माणसाच्या मापाने बेतलेला आहे. तो घरून ताजातवाना येतो, दारं उघडताना आत शिरतो. पावणेआठशे किलोमीटर तुडवून आलेल्याने त्याच्याशी त्याच दिवशी बरोबरी करायला जाऊ नये.

तेव्हा पोचायचा दिवस आणि पार्कचा दिवस वेगळे ठेवा. हे एवढं पाळलं तर बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. पहिल्या दिवशी नागपूर ते शिर्डी किंवा नाशिक. दुसऱ्या दिवशी उरलेला रस्ता, दुपारपर्यंत खोपोली, संध्याकाळी फक्त अंगणात धावणं आणि लवकर झोप. तिसरा दिवस पार्कचा. चौथ्या दिवशी सावकाश निघून अर्ध्या वाटेवर मुक्काम, पाचव्या दिवशी घर. पाच दिवसांची रजा मिळत नसेल तर मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून गाडी करावी. ‘चला, ओढून काढू’ हा बाणा मोठ्यांच्या सहलीला ठीक. आणि घरात तीन वर्षांखालचं एकच मूल असेल, तर त्याच्या नावाने ही सहल काढूच नये, असं माझं मत आहे. त्याला अंबाझरीच्या बागेतला झोका तितकाच आवडतो. ताई किंवा दादा मोठा असेल आणि हे शेंडेफळ बरोबर येणार असेल, तर गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवसाचा हिशोब मांडून पाहू. शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर ताशी १०० च्या बेताने गेलं तर पाच तास बारा मिनिटं चाक फिरतं. १२० ने गेलं तर चार तास वीस मिनिटं. वाचतात बावन्न मिनिटं, म्हणजे मुलाला जेवू घालायला लागतो तेवढा वेळ. त्यात नाश्ता, जेवण, दोनदा मोकळं धावणं आणि तीन-चारदा शू धरून तीन तास घाला. सकाळी सहाला निघालेली गाडी दुपारी अडीच-तीनला शिर्डीत येते. पहाटे तीनला मुलांना झोपेतच उचलून गाडीत टाकायचं, ही पुष्कळ घरांची आवडती युक्ती आहे. मुलं झोपतात हे खरं, पण त्याच वेळी चालवणाऱ्याच्या शरीरालाही झोपच हवी असते. मध्यरात्री दोन ते पहाटे सहा हा माणसाच्या जागेपणाचा सगळ्यात दुबळा काळ, आणि त्याच्या खालोखाल दुपारी दोन ते चार. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहूनही लक्ष विझतं. सहाला निघावं. तेव्हा सूर्य पाठीशी असतो, कारण सगळा प्रवास पश्चिमेकडे आहे. उशिरा निघालात तर संध्याकाळचं ऊन थेट चालकाच्या डोळ्यांत येतं, आणि मागच्या सीटवरही तेव्हाच रडारड सुरू झालेली असते.

आता त्या बावन्न मिनिटांची किंमत. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी आपटून थांबते, तेव्हा आतल्या शरीरात जेवढी ऊर्जा असते तेवढी ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तेराव्या मजल्यावरून, खाली येणाऱ्या शरीरात असते. ताशी १२० ला ही उंची सुमारे ५७ मीटर, म्हणजे एकोणिसावा मजला. वेग वीस टक्क्यांनी वाढला की ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बारा किलोचं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला किंवा आजीला त्या क्षणी ते धरून ठेवणं शक्यच नसतं, पैलवानालाही नाही. मूल आणि आई एकाच पट्ट्यात, हा प्रकार त्याहून वाईट, कारण आईचं सगळं वजन पट्ट्याआड मुलावर येतं. आणि पुढच्या सीटवर मांडीवरचं बाळ म्हणजे एअरबॅग उघडली तर ती थेट त्याच्या डोक्यावर.

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. म्हणून त्याची सीट मागे तोंड करून लावतात. धक्का मग पूर्ण पाठीवर पसरतो. युरोपातल्या नव्या नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत अशी सीट सक्तीची आहे, आणि डॉक्टर तर जमेल तितकं पुढे न्या म्हणतात. त्यानंतर पुढे तोंडाची, खांद्यावरून पट्टे असलेली सीट, आणि मग बूस्टर, मूल सुमारे १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या तो कमरेच्या हाडाऐवजी पोटावर आणि खांद्याऐवजी गळ्यावर येतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसन बंधनकारक झालं, नाही तर हजार रुपये दंड. वाटेत कुणी पावती फाडत नाही म्हणून आजी म्हणते, ‘लेकरू काय पळून चाललंय का?’ आजीशी वाद नागपुरातच उरकून घ्या. सीट आणली की निघायच्या दिवशी मुलाला पहिल्यांदा त्यात कोंबू नका. महिनाभर आधीपासून बाजारात, शाळेत, एखाद्या रविवारी रामटेकपर्यंत त्यातच न्या. गाडी म्हणजे आपली ती खुर्ची, हे अंगवळणी पडलं की पुढचे पाचशे किलोमीटर भांडण नाही.

गाडीची तयारी थोडक्यात सांगतो, कारण ती गॅरेजवाला जास्त चांगली सांगेल. एका गोष्टीवर मात्र रेंगाळायला हवं, टायरवर. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला बाजूंनी वाकतो, वाकण्याची उष्णता होते, आणि तासन्‌तास वेगात, तापलेल्या काँक्रीटवर ती बाहेर पडायला उसंत मिळत नाही. टायर फुटतात ते यामुळे. हवा टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावर तपासा, आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पूर्ण भरलेल्या गाडीसाठी जो वेगळा आकडा असतो तो पाहा. पाच माणसं आणि डिकीभर सामान म्हणजे भरलेली गाडी. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून असा टायर ‘अजून चालेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मुलांना घेऊन समृद्धीवर पहिली अडचण येते ती शूची. हा बंदिस्त रस्ता आहे. कडेला मनाला येईल तिथे थांबता येत नाही, थांबूही नये. कडेला उभ्या गाडीवर मागून दुसरी आदळण्याचा धोका खरा असतो. उतरायच्या जागा सरासरी पंचवीस-तीस किलोमीटरवर. चार वर्षांच्या मुलाने ‘आली’ म्हटल्यापासून तुमच्याकडे पाचेक मिनिटं असतात. तेव्हा थांबे मुलाने मागायच्या आधी घ्यायचे, दर दीड-दोन तासांनी, आली असो नसो. चालवणाऱ्यालाही तेवढ्याच अंतराने पाय मोकळे करायला हवेत, हा योग चांगला जुळतो. सगळ्यात धाकट्यासाठी घडीची पॉटी आणि पिशव्या हाताशी ठेवा. डिकीच्या तळाशी असलेली पॉटी ही नसल्यात जमा.

थांबायला जागा कुठली? रस्त्यालगतच्या पंपापाशी स्वच्छतागृह मिळेल, पण धावायला जागा नाही, सगळीकडे ट्रक. या रस्त्याचा टोल बाहेर पडताना, कापलेल्या अंतरावर लागतो. त्यामुळे मधेच उतरून पुन्हा चढलं तरी फार भुर्दंड पडत नाही, आणि पुष्कळांना हे ठाऊक नसतं. सिंदखेडराजाला उतरा. जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजीराजांचा वाडा मुलांना इतिहास म्हणून किती कळेल ते सोडा. तिथे पायऱ्या आहेत, मोकळं अंगण आहे आणि अर्धा तास पळायला मिळतं. सकाळपासून गाडीत बसलेल्या मुलाला तेच हवं असतं.

‘कधी येणार?’ हा प्रश्न पहिल्यांदा बहुधा वर्ध्याच्या अलीकडेच येतो. ‘अजून सहा तास’ हे उत्तर त्याच्या उपयोगाचं नाही, कारण शाळेत जाण्याआधीच्या वयात तास हे माप कळतच नाही. मुलाला क्रम कळतो: आधी हे, मग ते. समृद्धी दहा जिल्ह्यांतून जाते: नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे. एका पुठ्ठ्यावर दहा चौकोन काढून द्या, जिल्हा बदलल्याची पाटी आली की एक टिकली चिकटवायची. मधे वन्यप्राण्यांसाठी बांधलेले पूल आहेत. आपण खालून जातो आणि वरून नीलगाय जाऊ शकते, यावर चार वर्षांचं मूल पंधरा मिनिटं बोलू शकतं. मग दुसऱ्या दिवशी इगतपुरीपुढचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. तो आल्यापासून कसारा घाटाची वळणं टळली, आणि त्याबरोबर ओकाऱ्यांचा एक हमखास टप्पाही.

गाडी लागणं म्हणजे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची आणि डोळ्यांची साक्ष न जुळणं. कान म्हणतो आपण वळतोय, डोळ्यांपुढे मात्र मोबाइलचा स्थिर चौकोन, आणि पोट त्याची शिक्षा भोगतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा हा त्रास होत नाही. पुढे तो वाढत जाऊन शाळकरी वयात जोरात असतो. समृद्धी बव्हंशी सरळ असल्याने तिथे पडदा फारसा नडत नाही. खोपोलीच्या बाजूला वळणं लागली की तो बंद करा, समोरची काच दिसेल असं मूल बसवा, खिडकी थोडी उघडा. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि त्याचा पहिला प्रयोग घरी. काही मुलं त्याने पेंगतात, काही उलट चेकाळतात. मोबाइल मुळात द्यावा की नाही यावर मला प्रवचन करायचं नाही. मात्र सकाळी सहालाच दिलात, तर दुपारी दोनला, जेव्हा तो खरंच लागतो, तेव्हा त्यात जादू उरलेली नसते.

खाण्याचं घरच्या आजीला विचारा. दशम्या, गूळ-तुपाची पोळी, केळी आणि भाजलेले शेंगदाणे यांच्यापुढे कुठलं ‘ट्रॅव्हल स्नॅक’ टिकत नाही. शेंगदाणे मात्र पाच वर्षांपुढच्यांनाच, चालत्या गाडीत नाही. घशात अडकले तर मागे वळून पाहायलाही वेळ मिळत नाही. तर्री-पोहे चालवणाऱ्याने नागपुरातच खाऊन घ्यावेत.

आमण्याला समृद्धी संपते आणि खरी परीक्षा सुरू होते. तिथून खोपोली शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण वाट भिवंडी, कल्याण, शिळफाटा, पनवेल अशी, म्हणजे गोदामं, कंटेनर आणि कोंडी यांची. सातशे किलोमीटर एका दमात आलेला चालक इथे संध्याकाळी सहाला शिरतो आणि तीन तास अडकतो, हे चित्र नेहमीचं. पहिली रात्र शिर्डी-नाशिकला काढण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे: हा टप्पा सकाळच्या गर्दीनंतर, अकरा ते दोनच्या दरम्यान ओलांडता येतो, आणि मुलाची दुपारची झोपही त्यातच होते. शिर्डीहून संगमनेर, नारायणगाव, चाकण करत लोणावळ्याचा घाट उतरूनही जाता येतं. पण चाकणची कोंडी शिळफाट्याला हार जाणारी नाही.

एवढं सांभाळून मूल तिसऱ्या दिवशी सकाळी आठला उठलं, पोटभर खाल्लं, की त्याचे सगळे बरे तास शाबूत असतात. आता ते पार्कमध्ये कसे खर्चायचे?

आधी घरीच उंची मोजा. डीप स्पेस, स्क्रीम मशीन, नायट्रो ही मोठी यंत्रं चार-पाच वर्षांच्या मुलासाठी नाहीत, आणि दारात काठीला लावून मोजल्यावर हे कळलं की रडणं ठरलेलं. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणारे बाबा तिथे नेहमी दिसतात: ‘आमचा पोरगा घाबरत नाही हो.’ पण ती अट धिटाईची परीक्षा नसते. मांडीवर किंवा खांद्यांवर येणारा दांडा ठराविक मापाच्या शरीरांसाठीच बनवलेला असतो, आणि कमरेची रुंदी, मांडीची लांबी, खांद्याची जागा दर माणसाची मोजणं शक्य नसल्याने उंची हे त्याचं सोपं माप धरतात. गाडीच्या पट्ट्याला १४५ सेंटिमीटर का लागतात, तेच कारण इथे. दोन सेंटिमीटर कमी पडले तर ते चवड्यांवर उभं राहून भरून काढू नका. राइडची यादी आणि अटी संकेतस्थळावर असतात; त्या पाहून जी जमणार नाहीत त्यांचा घरी उल्लेखच करू नये. ‘टबी टेक्स ऑफ’चा उडता हत्ती आणि घोड्यांचं चक्र यांच्यासाठी चार वर्षांचं मूल तीनदा रांगेत उभं राहतं.

मोठ्या भावंडासाठी ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ आहे, आणि तिथे जाण्याआधी एक खरी गोष्ट सांगता येते. राजासॉरस नावाचा मांसाहारी डायनासोर होऊन गेला. गुजरातेत नर्मदेच्या परिसरात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव ठेवलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. ही शेवटची माहिती सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला राइडइतकीच आवडते, याची खात्री देतो. राइडमध्ये भिजायला होतं. कोरडे कपडे पाठीवरच्या पिशवीत हवेत, पार्किंगमधल्या गाडीत नाही.

रांगेबद्दल डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचं हे माहीत नसलं तर आणखी लांब, ही त्यातली सूत्रं. पार्कवाले रांगा नागमोडी करतात, भिंतींवर चित्रं लावतात, ‘इथून वीस मिनिटं’ अशा पाट्या लावतात, ते यासाठीच. मुलाबाबतीत हे काम आपल्यालाच करावं लागतं. रांगेसाठी राखून ठेवलेलं एखादं कोडं खिशात असू द्या. त्याहून बरं म्हणजे रांग टाळणं. दारं उघडण्याआधी पोचा आणि सगळ्यात हवी असलेली राइड पहिल्या तासात उरका, आतल्या टोकाची असेल तर आणखी बरं. बहुतेक लोक शिरल्या शिरल्या जे दिसेल तिथेच थबकतात. दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यातला शनिवार टाळा. शाळा सुरू असतानाचा एखादा मंगळवार सोन्यासारखा. बालवाडीच्या बाईंना रजा मागायला लाजू नका, पहिलीनंतर ती मिळत नाही.

हवेचंही पाहायला हवं. खोपोलीचा पाऊस विदर्भाच्या पावसासारखा येऊन-जाऊन नसतो, तो ठाण मांडतो, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात. एप्रिल-मेमध्ये पारा नागपूरपेक्षा कमी, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि मुलं लवकर मलूल होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा.

भीतीचं वेगळं सांगायला हवं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिसतं ते आणि असतं ते यातला फरक पुरता कळलेला नसतो. टीव्हीवर आवडणारं पात्र सहा फुटांचं होऊन अंगावर आलं की ते किंचाळतं, यात नवल नाही. अंधार आणि अचानक मोठा आवाज असलेल्या राइडना आधी आई-बाबांपैकी एकाने जाऊन यावं, दुसऱ्याने बाहेर मुलांपाशी थांबावं. ‘बघ, ती छोटी ताई पण बसली’ म्हणून ढकललेलं मूल उरलेला दिवस कडेवरून उतरत नाही. आत शिरतानाच सगळ्यांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा आणि मुलाच्या मनगटावर पेनाने आपला फोन नंबर लिहा. हरवलं तर ‘निळा शर्ट की हिरवा’ यावर त्या घाईत आई-बाबांचं एकमत होत नाही.

बाहेरचं खाणं आत न्यायला बहुतेक पार्कांत मनाई असते, बाळाचं खाणं सहसा सोडतात; नियम तिकीट काढतानाच वाचावा. साडेबाराला, गर्दीच्या अर्धा तास आधी, जेवून घ्या. दीड ते तीन कुठल्याही परिस्थितीत सावलीत, बसून, एखादा बंद खोलीतला शो बघत. पैसे वसूल व्हावेत म्हणून या वेळात उन्हात फिरवलेलं मूल चारला कोसळतं, आणि नेमक्या त्याच वेळी ऊन उतरून पार्क बरं वाटू लागलेलं असतं. झोपलं तर झोपू द्या. अंधारातली रोषणाई पाहायची असेल तर ही झोप हवीच. नसेल तर साडेपाचला निघा. तिकिटावर रात्रीपर्यंतची वेळ छापलेली असते, म्हणून रात्रीपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर चौथी सकाळ त्यांची. पार्कच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आणि मागे खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन एका सकाळी होतात. मुलांना देवळाच्या तळ्याकाठी फिरवता येतं, आणि आदल्या दिवशी बाकावर पिशव्या राखत बसल्याचं आजोबांचं गाऱ्हाणंही मिटतं. मग दुपारी निघून नाशिक किंवा शिर्डी.

परतीला दिशा उलटते. आता सकाळचं ऊन समोरून येतं, म्हणून पाचव्या दिवशी पहाटेची घाई नको. आठनंतर, सूर्य काचेच्या वर चढला की निघा. वेळ हातात असेल तर मेहकरला उतरून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार आहे. उल्का आदळून काळ्या दगडात पडलेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर काठावरून पाहायला अर्धा तास पुरतो. खाली उतरायचं म्हटलं तर चढताना मूल खांद्यावर येतं आणि अर्धा दिवस जातो. दुपारी त्या फाट्यापाशी येईपर्यंत मागे कुणी झोपलेलं असण्याचीच शक्यता जास्त. त्याला उठवायचं की सरळ नागपूर गाठायचं, हे आदल्या रात्री तो किती वाजता झोपला त्यावर ठरवा.